इगर्ज जाग्यावर आहे, भोवताल कुठे गेला?

पणजीच्या चर्चचं जुनं पोस्टकार्ड हातात आलं की माणूस आधी पायऱ्या बघतो. खाली फाकणाऱ्या, मध्ये वळून पुन्हा एकमेकींकडे येणाऱ्या, सायबाच्या बायकोच्या झग्यासारख्या पसरलेल्या पायऱ्या. वर पांढरीशुभ्र इमारत, दोन बाजूंना दोन मनोरे, मधोमध घंटा. हे सगळं आजही तसंच आहे. त्यामुळे "काही बदललं नाही हो," असं म्हणून आपण कार्ड खाली ठेवतो आणि चहा मागवतो.

माझ्याकडे अशी तीन कार्डं आहेत आणि मीही ती बरीच वर्षं अशीच पाहिली. मग एकदा त्यातलं एक खिशात घालून म्युनिसिपल गार्डनच्या कडेला गेलो आणि फोटोग्राफरने तिकाटणं लावलं असेल अशी जागा शोधत बसलो. दोन-चार पावलं मागे, एक डावीकडे, असं करत करत पायऱ्या जुळल्या. बाकी काही जुळेना. कार्डात चर्चच्या मागे आल्तिनोची टेकडी झाडीने भरलेली दिसते आणि तिच्यावर नुसतं आभाळ. दोन्ही बाजूंना कौलारू घरं, तीही चर्चपुढे मान खाली घातल्यासारखी बुटकी. समोर मोकळी जमीन. माझ्यासमोर मात्र स्कूटरींची रांग, तारांची जाळी, दुकानांच्या पाट्या आणि त्या सगळ्याच्या वर, कशीबशी डोकं काढून उभी असलेली इगर्ज. गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात, पोर्तुगीज शब्दावरून आलेला हा शब्द. मीही यापुढे दोन्ही वापरीन.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण वारसा म्हणून इमारत मोजतो आणि तिचा भोवताल मोजायचा विसरतो. मग कुणी तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं, चर्चला हात लावलेला नाही. खरंच लावलेला नसतो. पण जे गेलं ते चर्च नव्हतंच. आणि काय गेलं याचा चांगला पुरावा आज कुठल्या सरकारी यादीत नाही, तो वीतभरही नसलेल्या एका जुन्या कार्डावर आहे. हे कार्ड छंदिष्टांच्या अल्बममधून उचलून नगररचनेच्या टेबलावर ठेवायला हवं.

आधी ही इगर्ज इथे का आहे ते पाहू, कारण त्यातच भोवतालाचा मुद्दा आहे. १५४१ च्या सुमारास इथे एक लहान चॅपल होतं. पणजी तेव्हा शहर नव्हतं. मांडवीच्या मुखाजवळचा दलदलीचा, माडांचा भाग. लिस्बनहून महिनोन् महिने समुद्र कापत आलेली गलबतं मांडवीत शिरायची आणि वरच्या अंगाला असलेल्या राजधानीकडे, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याकडे निघायची. त्यापूर्वी खलाशी या टेकडीवरच्या चॅपलमध्ये येऊन जिवंत पोचल्याबद्दल आभार मानायचे. म्हणजे ही इमारत मुळात नदीतून दिसण्यासाठी आणि नदीकडे पाहण्यासाठी उभी राहिली. आजचं रूप १६१९ च्या बांधणीचं, पायऱ्या त्यानंतरच्या. पुढे जुन्या गोव्यात रोगराईने वस्ती ओसरली, राजधानी हळूहळू खाली सरकत आली आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे 'नोव्हा गोवा' झाली. दलदल भरून रस्ते आखले गेले, त्यात चर्चसमोर चौक आणि चौकापुढे बाग आली. टेकडी, पायऱ्या, चौक, बाग, नदी ही एक सलग ओळ आहे. यातली एक वस्तू जपून बाकीच्या चार सोडून दिल्या, तर तो दागिना जपला आणि गळा सोडला असा प्रकार होतो.

मधल्या मनोऱ्यातल्या घंटेची कथा तर या सगळ्याच्या वरची. ती मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ हाकलले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली इथे आली. तिच्यासाठीच मधला मनोरा उंच केला. मठाचा दर्शनी भाग आणि बुरुजाचा अर्धा हिस्सा १९३१ मध्ये ढासळला. आज तिथे जांभ्या दगडाचा एक सुळका उभा आहे आणि पर्यटक त्याच्या खाली उभे राहून फोटो काढतात. १९३१ च्या आधीच्या छायाचित्रांत तो दर्शनी भाग अजून उभा आहे. संवर्धन करणाऱ्या वास्तुविशारदाला आज तिथे कमान कुठे होती, खिडक्या किती होत्या हे सांगायचं असेल, तर त्याला अशा चित्रांकडेच जावं लागतं. पोस्टकार्ड हा करमणुकीचा कागद नव्हे, असं मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात हा सुळका असतो. (घंटा हलवण्यात आपणही मागे नाही. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि तिकडच्या चर्चमधल्या घंटा भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात जाऊन टांगल्या गेल्या. त्या आजही वाजतात.)

आता या कागदाबद्दल थोडं, कारण तो वाचता आला नाही तर पुरावा म्हणून कामाचा नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारी पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला निघालं, पाव आण्याला. चित्राचं कार्ड त्यानंतर काही वर्षांनी फोफावलं. सुरुवातीला मागच्या अख्ख्या बाजूवर फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, म्हणून मजकूर चित्राच्याच बाजूला, आभाळात किंवा कडेच्या पट्टीत कोंबायचा. ब्रिटनने १९०२ मध्ये मागची बाजू दुभागली, बाकीचे देश पुढच्या चार-पाच वर्षांत आले. म्हणून आभाळभर शाईने लिहिलेलं कार्ड दिसलं की ते बहुधा त्या आधीचं समजावं. पोर्तुगीज कार्डांवर आणखी दोन खुणा मिळतात. पोर्तुगालने १९११ मध्ये शुद्धलेखन बदललं. त्या आधी चर्चला 'एग्रेजा' लिहायचे, नंतर 'इग्रेजा'. चित्राखालच्या एका अक्षरावरून छपाईचा काळ कळतो. दुसरी खूण तिकिटावर. १९१० मध्ये राजेशाही गेली आणि शिल्लक तिकिटं वाया कशाला घालवायची म्हणून राजाच्या चेहऱ्यावरच 'रिपब्लिका' असा शिक्का छापून ती खपवली. काटकसर कुठल्याही सरकारला इतकी सुचत नाही जितकी क्रांतीनंतर सुचते.

आणि हा कागद खोटंही बोलतो. पहिल्या महायुद्धापूर्वीची पुष्कळ कार्डं जर्मनीत छापून यायची. फोटो काळा-पांढरा, रंग तिकडच्या कारागिराने भरलेले, आणि त्या कारागिराने गोवा बघितलेला नसायचा. म्हणून काही कार्डांत मांडवी निळीशार, कौलं टोमॅटोसारखी आणि आभाळ गुलाबी. कुणी कार्ड बघून जुन्या घरांचा रंग ठरवायला निघाला तर त्याला आवरा. तारा खोडणं, ढग घालणं, रिकाम्या चौकात दोन माणसं चिकटवणं हे तेव्हाच्या छपाईतलं रोजचं काम होतं. पण छताची उंची कुणी खोटी छापत नसे, तसं करायला कारणच नव्हतं. घरांची रांग, रस्त्याची रुंदी, टेकडीची कड, या गोष्टी अशाच. जिथे खोटं बोलण्यात कुणाचा फायदा नव्हता, तिथे कार्ड खरं बोलतं. आणि नेमक्या त्याच गोष्टी भोवतालाच्या वादात लागतात.

मग १९०५ च्या पणजीत परत जायचं का? मुळीच नाही. गतकाळाच्या ओढीने गहिवरणाऱ्यांशी माझं तेवढं जमत नाही, आणि त्यांना मी त्याच बागेत घेऊन जाईन. चौकापुढच्या या बागेला पोर्तुगीजांनी गार्सिया द ओर्ता याचं नाव दिलं होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, म्हणजे एका अर्थी तो आपल्या मुंबईचा जुना भाडेकरू. तो मेल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली, कारण तो गुपचूप ज्यू धर्म पाळत होता असा ठपका. आणि तीच सत्ता तीनशे वर्षांनी बागेला त्याचं नाव देते. बागेच्या मधोमध १८९८ मध्ये एक खांब उभारला, वास्को द गामाच्या आगमनाला चारशे वर्षं झाली म्हणून, आणि त्यावर वास्कोचा अर्धपुतळा. कार्डांत तो दिसतो. १९६१ नंतर पुतळा उतरला आणि त्याच खांबावर अशोकाचे सिंह बसले. मला हा बदल अगदी योग्य वाटतो. कार्ड बघून वास्कोला परत वर चढवा असं कुणी म्हणालं तर मी पहिला विरोध करीन. पण खांब पाडला नाही, बाग पाडली नाही, रांग मोडली नाही, फक्त वरचा माणूस बदलला, ही गोष्ट मला आजच्या नगररचनाकारांनी शिकावी अशी वाटते. शहराने स्वतःचं मत बदलण्यासाठी स्वतःचा भोवताल पाडावा लागत नाही.

कार्डात काय नाही हेही बघायला हवं, आणि मराठी वाचकाने तर जास्तच. पणजीची कार्डं पाहत गेलं की चर्च, राजवाडा, बॅरॅक, धक्का, पुन्हा चर्च. शहरातला हिंदू माणूस दिसला तर तो 'नमुना' म्हणून दिसतो, धोबी, पाणी भरणारी, कुणबीण. महालक्ष्मीचं देऊळ इथून चालत काही मिनिटांवर आहे. १८१८ च्या सुमारास पोर्तुगीजांनी परवानगी दिली आणि त्या काळाच्या मानाने ती मोठी गोष्ट होती. पण ते देऊळ मला चर्चइतक्या हौसेने छापलेलं दिसलेलं नाही. छापणारा गिऱ्हाईक बघून छापतो आणि गिऱ्हाईक लिस्बनला घरी कार्ड पाठवणारं होतं. म्हणून कुणी म्हणेल, वसाहतवाद्यांच्या नजरेचा हा कागद आपण वारशाचा पुरावा का मानायचा? मानायचा तो नजरेसकट. इंग्रजांनी केलेला जमीन मोजणीचा नकाशा आपण वापरतोच की, त्यात सारा वसूल करण्याचा हेतू होता हे माहीत असून. हेतू कळला की कागद जास्त उपयोगी पडतो, कमी नाही.

आता कायद्याकडे. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकांसाठी २०१० च्या दुरुस्तीने नियम झाला. स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगी घेऊन. जुन्या गोव्यातल्या चर्चना हा नियम लागू आहे, शिवाय ती १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहेत. एवढं कुंपण असूनही २०२१ मध्ये सेंट कॅजेटनच्या चर्चजवळच्या एका बांधकामावरून आंदोलन उभं राहिलं आणि गोवेकरांना रस्त्यावर यावं लागलं. तिथली ही कथा, तर गावोगावच्या नांदत्या चर्चचं काय? वर्षातून एकदा फेस्त म्हणजे उत्सव, रविवारी मिस म्हणजे प्रार्थना, बारसं, लग्न, मयत, असं ज्यांचं रोजचं चालू आहे त्या बहुतेक चर्चना हे मीटर लागूच नाहीत.

आणि लागू असते तरी मला वर्तुळ ही कल्पनाच बोजड वाटते. नजर वर्तुळात फिरत नाही, ती एका दिशेला जाते. पणजीच्या इगर्जीच्या पाठीमागे टेकडीच्या पलीकडे ८० मीटरवर कुणी एक खोली वाढवली तर तिचं काही बिघडणार नाही. पण चौकापासून बागेपर्यंतच्या रांगेत १५० मीटरवर चार मजले चढले की दृश्य संपलं. नियम पहिल्याला अडवतो आणि दुसऱ्याला फाइल फिरवून सोडतो. मुंबईत १९९५ ची वारसा नियमावली आली तेव्हा त्यात इमारतींच्या श्रेणींसोबत संपूर्ण परिसर नोंदवण्याची सोय ठेवली होती, ही दूरदृष्टीच म्हणायची. तरी गिरगावातल्या खोताच्या वाडीत जाऊन बघा. कधीकाळी ६५ घरं होती असं सांगतात, आज त्यातली निम्मी तरी उरली आहेत की नाही हे मोजावं लागतं. जी उरली आहेत त्यांच्या डोक्यावर चहूबाजूंनी टॉवर वाकून बघतायत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथे जुनी कार्डं, जुने फोटो उपलब्ध आहेत तिथे वर्तुळाऐवजी दृश्य नोंदवा. फोटोग्राफर कुठे उभा होता ती जागा नकाशावर टिंब देऊन ठरवा. तिथून आज काय दिसतं त्याचा फोटो काढा. यापुढे त्या टिंबापासून चर्चपर्यंत नजर जाते त्या त्रिकोणात कुणी बांधकामाचा अर्ज केला की अर्जासोबत त्याच टिंबावरून नवं बांधकाम कसं दिसेल ते चित्र जोडणं सक्तीचं करा. याला मोठा निधी लागत नाही. एक तिकाटणं, एक कार्ड आणि मोजणी खात्यातला एक चांगला माणूस एवढ्यात आठवड्याभरात पणजीचं काम होईल. चित्र बघून समितीने परवानगी दिली तरी चालेल. निदान काय घालवतोय ते बघून तरी घालवतील.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही मला वजनदार वाटतात.

पहिला चर्चच्या माणसांचा. चर्च हे संग्रहालय नाही, गोव्यातल्या चर्चचा विगार म्हणजे मुख्य पाद्री किंवा फाब्रिकेचा माणूस तुम्हाला हे सांगेल आणि बरोबर सांगेल. फाब्रिका म्हणजे चर्चची मालमत्ता सांभाळणारं मंडळ. वस्ती वाढते, मिसेला जागा पुरत नाही, पार्किंग लागतं, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नाहीत. बाहेरून येऊन पोस्टकार्ड दाखवणाऱ्याला यातलं काहीच भोगावं लागत नाही. याचं सर्वांत चांगलं उदाहरण दादरला आहे. गोखले रोडवरच्या 'पोर्तुगीज चर्च' या बसस्टॉपवर उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की समोरची इमारत पोर्तुगीजांची नाही? तिथलं साल्व्हासांव चर्च स्थापन झालं १५९६ मध्ये, पण आजची वास्तू चार्ल्स कोरियांनी १९७० च्या दशकात बांधली. उघडी अंगणं, त्यातून येणारा वारा, वर शंखासारखे घुमट. मी त्या इमारतीचा चाहता आहे. जुनी इमारत गेली, नाव राहिलं, बस थांबते, लोक येतात, चर्च जिवंत आहे. मग इमारतही बदलू शकते हे मान्य करणारा मी भोवतालासाठी हट्ट का धरतो? कारण इमारत बदलण्याचा निर्णय तिथल्या लोकांनी विचार करून, पैसे जमवून, चांगला वास्तुविशारद बोलावून घेतला. भोवताल कुणीच ठरवून बदलत नाही. तो एकेका परवानगीने, एकेका पाटीने, एकेका खांबाने जातो, आणि शेवटी जबाबदार कोण हे विचारलं तर कुणीच नसतं. दादरच्या लोकांनी निवड केली. पणजीच्या चौकाबाबत अशी निवड कुणी, कुठल्या सभेत केली?

दुसरा आक्षेप घरमालकांचा, आणि तो जास्त बोचरा आहे. चर्चच्या मागच्या अंगाला फोंताइनस आहे, रंगीत घरांची ती प्रसिद्ध वस्ती. तिथल्या दारांवर आता फोटो काढू नका अशा पाट्या दिसतात, कारण लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येऊन परक्याच्या व्हरांड्यात बसतात, पायरीवर पोज देतात आणि घरातली बाई दूध आणायला बाहेर पडली तर तिला बाजूला व्हायला सांगतात. पोस्टकार्डाचा हाही एक वंशज आहे. शंभर वर्षांपूर्वी फोटोग्राफर एक कार्ड काढून निघून जायचा, आता तो रोज येतो आणि त्याची संख्या मोजता येत नाही. शिवाय गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली वारसाची पद्धत अजून चालते. तिच्यात मुलाबाळांचा वाटा राखून ठेवावाच लागतो, त्यामुळे तीन पिढ्यांनंतर एका घराला वीस-पंचवीस मालक होतात. त्यातले पाच मुंबईत, तीन आखातात, चार लिस्बनला, दोन कुठे आहेत कुणाला माहीत नाही. सह्या जमत नाहीत, कौलं बदलली जात नाहीत, पावसाळ्यात भिंत भिजते. आणि आपण त्या माणसाला सांगायचं, तुझ्या घराची उंची वाढवू नकोस, आमचं दृश्य बिघडतं.

हे मला न्यायाचं वाटत नाही. दृश्य जर सगळ्यांचं असेल तर खर्चही सगळ्यांनी उचलावा. मुंबईत वारसा इमारतींना हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची वाट आहे. म्हणजे न वाढवलेली उंची दुसरीकडे विकता येते. तिचा गैरवापर होतो, हेही खरं. पण पणजीसारख्या लहान शहरात त्याहून सोपं काही करता येईल. दृश्याच्या त्रिकोणात येणाऱ्या घराचा घरपट्टीतला वाटा माफ करा, कौलं शाकारायला दरवर्षी ठरावीक रक्कम द्या, आणि वारसांच्या सह्यांशिवाय किमान डागडुजीला परवानगी मिळेल अशी तरतूद करा. पैसा कुठून आणायचा हे मला विचारू नका, मांडवीकडे बघा. तिथे रात्री दिवे लावून उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी पणजीच्या भोवतालावरच पोट भरतात, आणि तोच भोवताल बिघडवतातही. ज्या नदीकडे बघण्यासाठी ही इगर्ज बांधली, त्या नदीचं दृश्य विकून जो पैसा येतो त्यातला थोडा परत या चौकात यावा, ही मागणी अवाजवी नाही.

उरला प्रश्न कार्डांचा. ती आहेत कुठे? काही लिस्बनच्या संग्रहांत, बरीचशी खासगी संग्राहकांकडे, आणि उरलेली ट्रंकांत. संग्राहकांचा मला राग नाही. त्यांनी जपली नसती तर रद्दीत गेली असती. पण सार्वजनिक प्रश्नाचा पुरावा लिलावात जास्त बोली लावणाऱ्याच्या कपाटात राहावा हे बरं नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाण्यांच्या दुकानातून, माळ्यांवरून, गोठ्यांतून दप्तरं सोडवत होते तेव्हा लोकांना तो वेडेपणा वाटला. आज मराठ्यांचा इतिहास लिहिणारा कुणीही त्या वेडेपणावर जगतो. पोस्टकार्ड हे आपल्या आजोबांच्या पिढीचं दप्तर आहे. मोडी नाही, शिक्का नाही, म्हणून त्याला कुणी कागद म्हणत नाही, एवढाच फरक.

कायद्याचीही अडचण नाही. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकायचा. १९१० चं कार्ड कधीच सगळ्यांचं झालंय. संग्राहकाने कागद स्वतःकडे ठेवावा, चित्र स्कॅन करून द्यावं. ठेवायला जागाही आहे. पणजीत पाट्टोला गोव्याचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ मध्ये सुरू झालेलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. त्याला नाव आहे कृष्णदास शामाचं, ज्याने १५२६ मध्ये कृष्णचरित्र मराठीत लिहिलं. चर्चची कार्डं तिथे जमा होणं मला फार शोभून दिसेल. तिथे एक टेबल, एक स्कॅनर आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस ठेवावा. लोक आपापली कार्डं घेऊन येतील. चित्रावर आपल्या संस्थेचं नाव आडवं छापायची हौस मात्र कुणी करू नये. तसं केलं की नेमकी छताची कड झाकली जाते.

आणि तोवर, ज्यांच्या घरात अशी कार्डं आहेत त्यांनी एक करावं. पुढचे पाहुणे ८ डिसेंबरला फेस्ताला आले, खाजं आणि चणे घेऊन घरी बसले की कार्ड त्यांच्या पुढ्यात टाकावं आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावं, हे डावीकडचं घर कुणाचं, त्याच्या पुढचं काय होतं, ते झाड कधी पडलं. जे सांगतील ते मागे लिहून ठेवावं. मऊ पेन्सिलीने लिहावं, शाईने नको. शाई दोन-चार पावसाळ्यांत पुढच्या बाजूला उमटते, आणि उमटते ती नेमकी आभाळात.